वादळबाईंचा चुकलेला शनिवार

गल्लीत तिला सगळे वादळबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर ते केव्हाच आलं होतं आणि तिला त्याची गंमतच वाटायची. बंदराजवळच्या हवामान कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर बसून ती येत्या आठवड्याच्या वादळांचा अंदाज बांधायची. कुठे हवेचा दाब कमी होतोय, तिथलं पाणी किती तापलंय, वरचे वारे त्या ढगांना कुठे ढकलतील, हे दिवसभर पडद्यावर बघायचं आणि शेवटी साध्या चार वाक्यांत लिहायचं. "वाक्यं माझी, सही साहेबांची, शिव्या दोघांत वाटून," असं ती हसत सांगे.

तिचा नवरा समोरच्या बेटावर जाणाऱ्या प्रवासी बोटीचा कप्तान. तिने धोक्याचा बावटा लावायला सांगितला की त्याची बोट धक्क्याला बांधलेली. सासूबाई म्हणायच्या, "नवऱ्याला घरी थांबवायला बायका काय काय करतात! आमच्या सूनबाईला नुसतं एक पत्रक काढावं लागतं."

एका सोमवारी खोल समुद्रात ढगांचा एक पुंजका गोल फिरायला लागला. त्याला वादळ म्हणावं असं अजून काही नव्हतं, पण खालचं पाणी चांगलंच तापलेलं होतं. कॉम्प्युटरवरची गणितं एकमेकांशी भांडत होती. एक म्हणे शनिवारी किनाऱ्यावर येणार, दुसरं म्हणे रविवारी, तिसरं म्हणे वाटेतच विरणार. तिने शनिवार धरला.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नक्की?"

"नक्की असतं तर अंदाज कशाला म्हटलं असतं, साहेब? पण रविवार म्हणून बसलो आणि शनिवारीच आलं, तर बोट भर समुद्रात असेल."

साहेबांनी सही केली आणि शनिवारच्या फेऱ्या रद्द झाल्या.

नेमका त्याच शनिवारी बेटावरच्या शाळेचा वर्धापनदिन होता आणि तिथे वाजवायला गावातलं बँडपथक जायचं होतं. बँडमास्तर भारी हौशी माणूस. त्याने सगळ्यांसाठी नवे कोट शिवून घेतले होते. तो दोन दिवस कप्तानाच्या मागे हात धुऊन लागला. शेवटी कप्तान घरी आला तो चपला काढायच्या आधीच म्हणाला, "अगं, बँडमास्तरने माझं डोकं खाल्लंय. जरा बघ ना, काही करता येतं का."

"काय करू? वादळाला फोन लावू?"

"तसं नाही गं. शनिवारचं रविवार नाही का होणार?"

आतून सासूबाई ओरडल्या, "ती काय शिंपी आहे, तारीख पुढे ढकलायला?"

गुरुवारपर्यंत ढगांनी चांगलं बाळसं धरलं. शुक्रवारी ते रीतसर चक्रीवादळ झालं आणि तिचा जीव भांड्यात पडला. शनिवारी सकाळी मात्र तिने खिडकी उघडली, तर वादळाचा पत्ताच नव्हता. आकाश धुऊन टाकल्यासारखं निळं. झाडाचं पानही हलत नव्हतं.

ती धावतपळत कार्यालयात गेली. उपग्रहाच्या चित्रात वादळ होतं तसंच धिप्पाड, पण भर समुद्रात ठाण मांडून बसलेलं. त्याला ढकलणारे वरचे वारेच मंदावले होते. तेवढ्यात धक्क्यावरून नवऱ्याचा फोन आला. मागे हशा ऐकू येत होता.

"आकाश निळं आहे."

"दिसतंय मला."

"समुद्र जरा फुगलाय, पण बोट गेली असती."

"गेली असती, आणि संध्याकाळी परतही आली असती," ती म्हणाली. "माझं चुकलं. पण आता सोडू नका. ते हललं की झपाट्याने येईल."

"नाही सोडत. पण हे तूच येऊन सांग. बँड कोट घालून हजर आहे, आणि माझं इथे कोणी ऐकत नाही."

चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. तरी ती गेली. "बाई, छत्री आणलीत का?" कुणीतरी ओरडलं आणि सगळा धक्का हसला. ती तिकीट खिडकीच्या पायरीवर चढली. "मी शनिवार म्हटलं होतं, ते चुकलं," ती म्हणाली. "वादळ वाटेत थांबलंय. पण मेलेलं नाही. उद्या येईल असं मला वाटतं. आज घरी जाऊन छपरं बांधून घ्या."

हसणं थांबलं. बँडमास्तरने नव्या कोटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "चूक कबूल करणारं सरकारी माणूस मी पहिल्यांदा पाहतोय," तो म्हणाला. "आता कोट घातलेच आहेत, तर इथेच वाजवतो!" आणि त्याने खरंच वाजवलं. कप्तानाने बेटावरच्या मुख्याध्यापिकेला फोन लावून तो ढोलासमोर धरला. पलीकडे मुलं इतकी ओरडत होती, की त्यांना काही ऐकू आलं का, देव जाणे.

रविवारी दुपारच्या आत वादळ आलं. तिकीट खिडकीचं पत्र्याचं छप्पर उडालं, झाडं आडवी झाली, पण दुहेरी दोरांनी बांधलेली बोट जागची हलली नाही आणि कुणाला साधं खरचटलंही नाही. चिंब भिजलेला कप्तान दारात उभा राहून म्हणाला, "एक दिवस उशीर केलास बाई, पण माल अस्सल पाठवलास." ती इतकी हसली की तिला टॉवेल द्यायचं सुचेना.

सोमवारी बँडमास्तर थेट दुसऱ्या मजल्यावर आला. "बेटावर वाजवायचं राहिलंय. येता शनिवार कसा आहे?"

"इतक्या पुढचं छातीठोक सांगत नाही. पण चांगला दिसतोय."

"मग तुम्हीही चला बोटीतून. म्हणजे आम्हाला धीर."

आता आली का पंचाईत! तिला बोट लागते, ही गोष्ट घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? शनिवारी समुद्र काचेसारखा शांत होता आणि अर्ध्या वाटेवर ती बाकावर आडवी झाली. बँडमास्तर आपल्या टोपीने वारा घालत बसला. कप्तानाने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "काय गं, अंदाज काय म्हणतो?"

"समुद्र शांत," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पोटाचं सांगता येत नाही."

बेटावर उतरल्यावर मुख्याध्यापिकेने तिला सावलीत बसवून लिंबूपाणी दिलं. बँड सुरू झाला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला होता, आणि ती पहिल्या रांगेत मुलांच्या मधोमध टाळ्या वाजवत बसली होती.