शेळगावहून आणलेली कुपी

मोबाइल घरोघरी यायच्या आधीचा, नव्वदच्या दशकातला हा प्रवास आहे. बारामती-इंदापूरकडे जायचं तुमच्या मनात असेल तर रस्ते आता रुंद झालेत, वेळही कमी लागेल. पण जायचं तर थंडीतच जा.

निघायचं ठरलं ते माझ्या भाचीमुळे. सुमेधा पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करायची. माझे यजमान अल्झायमरने गेले, त्याला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. गावाकडे त्याला म्हातारचळ म्हणायचे. खरा शब्द मी वाचनालयातून पुस्तकं आणून शिकले, तोवर ते मला ओळखेनासे झाले होते.

एकदा चहा पिताना सुमेधा म्हणाली, "मावशी, जीन सगळ्यांकडे असतात, पण सगळे सगळ्या वेळी बोलत नाहीत. कोणता बोलतोय, कोणता गप्प आहे, ते रक्तातून ऐकता आलं तर हा आजार लवकर ओळखता येईल."

"आणि ऐकणार कोण?"

"कॉम्प्युटर. आम्ही त्याला शिकवतोय. आजारी माणसांच्या रक्ताचे आकडे एका ढिगात, धडधाकट माणसांचे दुसऱ्या ढिगात. दोन्हींतला फरक तो आपला आपण शोधेल."

"ढीग चुकला तर?"

"तर तो चुकीचंच शिकेल."

त्यांना म्हाताऱ्या माणसांचं रक्त हवं होतं. त्याच सुमारास शेळगावहून निरोप आला की आक्का विसरायला लागल्यात. आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. घरच्यांनी त्यांना चुलीपाशी बसू देणं बंद केलं होतं. मी सुमेधाला म्हटलं, चल, आपण जाऊन येऊ. ती रक्तासाठी निघाली. मी निघाले ते आक्कांच्या रक्ताची कुपी धडधाकटांच्या ढिगात पडलेली बघायला. एकाच आईची दोन्ही लेकरं अशी जावीत, हे मला सोसणार नव्हतं.

स्वारगेटवरून सकाळची एसटी धरली. सुमेधाच्या मांडीवर थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ. जेजुरी मागे पडली आणि धुक्यातून सूर्य वर आला. मोरगावच्या पुढे माळ लागतो. तिथे एक मेंढ्यांचा कळप गाडीला आडवा आला आणि ड्रायव्हरने इंजिनच बंद केलं. घंटांचा आवाज खिडकीतून आत आला. माझ्या सासरच्या, सांगवीच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या असेच कळप फिरवले. पुढे पाटाचं पाणी आलं आणि घर उसाला लागलं. ह्यांच्या लहानपणी थोडी मेंढरं उरली होती. शेवटच्या दिवसांत पुण्यातल्या आमच्या खोलीत ते संध्याकाळी दार उघडून उभे राहायचे, मेंढरं आत घ्यायला.

बारामतीच्या स्टँडवर मिसळ खाल्ली. तिखट असते, सोबत दही मागून घ्या. तिथून इंदापूरच्या गाडीत बसलो. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, रुपेरी, वाऱ्याबरोबर एकाच बाजूला कलणारा. गुऱ्हाळाचा गोड धूर गाडीत येत होता. कंडक्टरने डब्याकडे बोट केलं.

"ताई, कुल्फी हाय का?"

"रक्त न्यायला आहे," सुमेधा म्हणाली.

तो तिकीट द्यायचं विसरून पुढे गेला आणि हसत परत आला.

फाट्यावर उतरून चालत गेलो. आक्का अंगणात हुरड्याची कणसं निवडत होत्या. मला बघून उठल्या. "कमल, किती वाळलीस गं!" नाव बरोबर घेतलं. माझा जीव भांड्यात पडला.

जेवणं झाली. बाजरीची भाकरी, पिठलं, वर कच्चा कांदा. मग सुमेधाने कागद काढून एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. आज वार कुठला? "बुधवार. बारामतीचा बाजार उद्या." शंभरातून सात गेले, उरले किती? "मला इसाच्या हिशेबानं इचार, बाई, येक इस, दोन इस." सगळे हसले. आक्कांचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, बाजेवर बसून सुपारी कातरत होते.

"आक्का, तुमच्या यजमानांचं नाव काय?"

आक्का गप्प. सुमेधाने पुन्हा विचारलं. आक्कांनी पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. सून मला हळूच म्हणाली, "बघा, मामंजींचं नाव बी न्हाय आठवत." सुमेधाने कागदावर फुली मारली.

"थांब," मी म्हटलं. "त्यांना आठवतंय. त्या नाव घेत नाहीत."

पुण्यात वाढलेल्या सुमेधाला काही कळेना. तात्या बाजेवरून बोलले, "आगं पोरी, मी हितं समोर बसलोय. तिनं माझं नाव कसं घ्यावं?"

मी आक्कांच्या शेजारी बसले. "आक्का, उखाण्यात घ्या."

त्या लाजल्या. मग मान वर न करता म्हणाल्या,

"काळ्या घोंगडीला पांढरा काठ,
सोपानरावांनी दावली शेळगावची वाट."

"व्हय, मीच दावली!" तात्या म्हणाले. सून तोंडाला पदर लावून हसली. सुमेधाने फुली खोडली. माझ्या मनात कुपी दुसऱ्या ढिगात जाऊन पडली सुद्धा.

तेवढ्यात आक्कांनी माझा हात धरला. "आता तू घे. माझ्या भावाचं. कुठं ऱ्हायला त्यो? मेंढरं घिऊन आला न्हाय अजून?"

तात्यांचा अडकित्ता थांबला. सून म्हणाली, "आत्याबाई, आवं, मामा तर..." तात्यांनी तिला हाताने थांबवलं.

आक्का माझ्याकडे बघत होत्या, लग्नात नव्या नवरीकडे बघतात तशा. विधवेला कुणी नाव घ्यायला लावत नाही. ते गेल्यापासून मी घेतलंही नव्हतं. पण त्या घरात त्या घटकेला ते जिवंत होते, मेंढरं घेऊन यायचेच बाकी होते. मी माझ्या लग्नातलंच घेतलं.

"सांगवीच्या मळ्यात मोगऱ्याला कळी,
भगवानरावांचं नाव घेते सांजेच्या वेळी."

"घेतलं बाई येकदाचं," आक्का म्हणाल्या आणि पुन्हा कणसं निवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमेधाने आक्कांचं आणि तुलनेला माझंही रक्त घेतलं. निघताना सुनेला मी एवढंच सांगितलं, चुलीपाशी बसू दे, पण तूही जवळ बस. बर्फ वितळला होता म्हणून इंदापूर गाठलं. तिथे उजनीच्या मासळीसाठी बर्फ मिळतो. मासळीवाल्या मावशींनी डबा भरून दिला, त्यामुळे पुण्यापर्यंत चिलापीचा वास सोबत आला. भिगवणपाशी खिडकीतून पाणी दिसलं, आभाळाच्याच रंगाचं, आणि त्यात उभे रोहित पक्षी, कुणीतरी वाळत घालून विसरलेल्या धुण्यासारखे. थांबता आलं तर थांबा. आम्हाला थांबता आलं नाही.

सुमेधाच्या हातात कुप्यांवर चिकटवायच्या दोन चिठ्ठ्या होत्या. माझ्या चिठ्ठीवर तिने 'निरोगी' लिहिलं. दुसरीवर पेन टेकवून माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर तपासतीलच म्हणा. पण तुला काय वाटतं?"

मी पाण्याकडे बघत राहिले. मग म्हटलं, "आजारी लिही. कॉम्प्युटरला खोटं शिकवू नकोस."

त्या कुप्यांतून फारसं निघालं नाही. सुमेधा म्हणाली, नमुने थोडे आहेत, कॉम्प्युटर अजून अंदाजच मारतो. आक्का पुढे बरीच वर्षं जगल्या, तात्यांचं नाव उखाण्यात घेत. नंतर उखाणा राहिला आणि त्यातलं नाव गेलं.

शेळगावहून परतले त्या संध्याकाळी घरी पोचले तेव्हा हाताला अजून मासळीचा वास होता. दिवा लावला. खोलीचं दार मी उगाच उघडंच ठेवलं. ऐकायला कुणी नव्हतं.

"भगवान," मी म्हटलं. उखाणा नाही, राव नाही, नुसतंच.