सापडतंय का बघ

आजी गेली तेव्हा अख्खी गल्ली लोटली, आणि जो तो बाहुलीच्या गळ्यात पडला. बाहुली म्हणजे माझ्या काकांची मुलगी, माझ्याहून थोडी लहान. "आजीचा जीव होता गं तुझ्यावर," म्हणत बायका तिला कुरवाळत होत्या आणि मी आत चहाचे कप विसळत होते. एकीनं तर मला विचारलं, "तुम्ही कोण?" कोण म्हणजे? मी थोरली नात! पण असो. माझं रडगाणं नंतर, आधी आजीचं सांगते.

आजी रफू करायची. आजोबा शिंपी, त्यांचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. ते गेल्यावर मशीन बंद पडलं, आजीची सुई मात्र चालू राहिली. खिडकीशी तिचं बुटकं स्टूल, मांडीवर कुणाचा तरी कोट, नाकावर घसरलेला चष्मा. सिगारेटनं जळलेली बाही, उंदरानं कुरतडलेली शाल, खिळ्याला अडकून फाटलेली पँट, सगळं तिच्याकडे यायचं. बाजारातला दोरा ती वापरायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून, एकेक धागा ओढून काढायची आणि भोकावर उभा-आडवा विणायची. तोंडानं गिऱ्हाइकाचा उद्धार चालूच. "याने कोट घातला होता की कोटात मारामारी केली होती?" कुणी घाई आहे म्हणालं की, "मग फाटकाच घाल," म्हणून कपडा परत हातात द्यायची. मवाळ बाई नव्हतीच ती.

तिचा एक नियम होता. रफू झाला की कपडा घरातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. भोक आधी न पाहिलेल्याच्या. "सापडतंय का बघ," म्हणायची. बोटं फिरवून जागा सापडली, की सगळं उसवून पुन्हा विणायचं. नाही सापडली, तर इस्त्री करून हँगरला.

शोधायला आम्ही दोघी. बाहुली कपड्यावरून हात फिरवायची, मान वेळावायची आणि "नाहीच सापडत गं आजी, जादू केलीस!" म्हणून तिला मिठी मारायची. झालं, आजी विरघळली. मग तिची वेणी घालणं काय, तिला कुशीत घेणं काय, विचारू नका! अहो, तिनं शोधलेलंच नसायचं. ती खिडकीबाहेर बघत हात फिरवायची, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि मला सापडायचंच. इथे जरा घट्ट आहे, इथे धागा वर आलाय, हे बोटांना कळायचं. मी बोट ठेवायची, "इथे." आजीचं तोंड कडू व्हायचं. "आली आमची फौजदार," म्हणायची आणि कात्री उचलायची. वेणी नाही की कुशी नाही.

माझा नुसता जळफळाट व्हायचा. खरं बोलायचं मी आणि लाड हिचे! कधी कधी ठरवून बसायची, आज आपणही 'नाही सापडत' म्हणायचं. तोंड उघडेपर्यंत बोट जागेवर जाऊन बसलेलं असायचं. मला एकदाच, एकच दिवस, बाहुलीच्या जागी बसायचं होतं. बाकी काही नको होतं.

पुढे लग्नं झाली. बाहुली परगावी गेली, मी जवळच्याच गल्लीत. आजीची औषधं, डोळ्यांचे डॉक्टर, गळणारा नळ, सगळं माझ्या गळ्यात. बाहुली सुट्टीला यायची आणि तिच्यासाठी कपाटातली नवी चादर निघायची. मी रोजचीच, मला कोण चादर काढतंय!

एका हिवाळ्यात बँकेतल्या साहेबांचा कोट आला. आजीची नजर तोवर पार गेली होती. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त ती कबूल करत नव्हती. कितीतरी दिवस त्या कोटावर खपली. बाहुली आलेलीच होती. तिनं हात फिरवला आणि ठरलेलं म्हणाली, "वा आजी, कळतसुद्धा नाही!" आजी खुलली. मग कोट माझ्यापुढे धरला. तिथे शोधायचं काय होतं? रफूचं नुसतं गाठोडं झालं होतं, दारातूनही दिसलं असतं. बाहुलीनं मागून मला चिमटा काढला, म्हणजे गप्प बस.

"इथे आहे," मी म्हणाले. "ओबडधोबड झालाय, आजी."

"तुला काही मन आहे की नाही गं?" बाहुली फणकारली.

"बाहुले, तू चहा टाक जा," आजी म्हणाली. ती आत गेल्यावर आजीनं कात्री माझ्या हातात दिली. "उसव. मला आता दिसत नाही. साहेबांना सांग, दुसरीकडे टाका."

मी उसवत बसले. डोळे भरून आले होते, रागानं. शेवटी विचारलंच, "आजी, तुला तीच जास्त आवडते ना?"

"हो," आजी म्हणाली. आढेवेढे नाहीत, काही नाही. "ती आली की बरं वाटतं. तू आलीस की मी सावरून बसते. पण तिनं पाहिलेला एकही कपडा तुला दाखवल्याशिवाय मी बाहेर जाऊ दिला नाही. तुझ्याच भरवशावर धंदा केला मी."

म्हणजे जीव तिच्यावर आणि भरवसा माझ्यावर. दुसऱ्या कुणाला यात समाधान वाटलं असतं. मी आणखीच पेटले. भरवसा माणूस डॉक्टरवरही ठेवतो, म्हणून त्याला कुणी कुशीत घेतं का?

त्यानंतर आजीनं अंथरूण धरलं. शेवटच्या दुपारी बाहुली धावत आली आणि आजीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी पायाशी. बऱ्याच वेळानं आजीनं विचारलं, "दुकानाचं दार लावलंय का?"

"लावलंय गं आजी, मीच लावलं," बाहुली म्हणाली.

आजीनं तिचा हात धरला होता तो धरूनच ठेवला आणि मान माझ्याकडे वळवली. "तू बघून ये."

मला जायचं नव्हतं. अशा वेळी दाराचं काय घेऊन बसलीस, असं अगदी ओठावर आलं होतं. पण तिचा शब्द, गेले. दार सताड उघडं. मी कडी लावली, ओढून पाहिली आणि परत आले, तोवर बाहुलीनं हंबरडा फोडला होता. आजी तिच्या मांडीवर गेली होती.

दार उघडंच होतं, हे आजीला सांगायचं राहून गेलं.