पोचकाकांचा जिनिव्हाचा अर्ज

पोच घेतल्याशिवाय आमच्या काकांनी आयुष्यात कोणाला कागद दिला नाही. कंपनीत तीस वर्षं कामगारांचे अर्ज लिहिलेले. दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का पडेपर्यंत साहेबाच्या टेबलासमोरून हलायचे नाहीत. माझ्या लग्नाच्या पत्रिका गावी निघोज्यात वाटतानाही त्यांनी पाहुण्यांच्या सह्या घेतल्या होत्या. सगळे त्यांना पोचकाकाच म्हणत.

त्यांच्या अमोलनं घरी सांगितलं, की माझं सुहासवर प्रेम आहे, आम्ही दोघं एकत्र राहणार. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी समंजस थोरला चुलतभाऊ म्हणून मुद्दाम गेलो होतो, पण नेमकं तेव्हाच बिस्कीट चहात पडलं आणि मी ते चमच्यानं शोधत बसलो. काका तेवढे बोलले, "टेंपररी हाय का परमनंट?"

"परमनंट, बाबा."

"मग जेवाय घिऊन ये की त्याला."

अडलं ते घरावर. मोशीतल्या आमच्या सोसायटीत दोघांना भाड्यानं फ्लॅट हवा होता. मालक तयार, कमिटी म्हणाली, फक्त कुटुंबालाच. त्या कमिटीत मीही होतो. ठरावावर माझी सही आहे, फक्त ती वाचता येऊ नये इतपत काळजी घेतली होती. काकांनी सेक्रेटरींना बंद पाकिटातून अर्ज दिला, अर्थात पोच घेऊन. महिना गेला, उत्तर नाही.

अमोल वैतागला. "आमच्यासारख्यांवर अन्याय झाला तर ऐकायला संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हाला एक तज्ज्ञ नेमलाय, बाबा. आणि इथं सेक्रेटरी ऐकत नाही!"

"पत्ता दे त्याचा."

काकांनी फुलस्केपवर 'मा. साहेब' घालून मराठीत अर्ज लिहिला. अमोलनं तो इंग्रजीत करून ईमेलनं पाठवला. मिनिटभरात आपोआप येणारं उत्तर आलं: पत्र मिळालं, वाचलं जाईल, प्रत्येकाला कळवणं जमेलच असं नाही. काकांनी त्याची प्रत काढून लॅमिनेट केली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली.

सेक्रेटरींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "काका, यात फ्लॅट द्या असं कुठंय?"

"न्हाई त्यात. वाचू म्हनत्यात, एवढंच. तुमी माझं पाकीट तरी फोडलं का?"

सेक्रेटरींनी टेबलाचा ड्रॉवर ओढला.

"फोडा. मोठ्यानं वाचा, राव."

पाकीट तसंच बंद होतं. सेक्रेटरी वाचू लागले, "माझा मुलगा आणि सुहास हे एक कुटुंब आहे. मी बाप आहे. खात्री करायची तर मला विचारा, त्यांना नको." पुढं त्यांचा आवाज खाली आला. फ्लॅट द्यायला कोणाकोणाची संमती, असं त्यांनी विचारलं आणि मी हात वर केला. कोपर खुर्चीच्या दांडीवर टेकवूनच, पण पहिला केला. मग आणखी हात वर आले.

काका गेल्या वर्षी गेले. निधनाची बातमी द्यायला मी वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. 'त्यांच्या मागे पत्नी, मुलगा अमोल, अमोलचा जोडीदार सुहास...' इथं खिडकीतला माणूस थबकला.

"ह्यांना मित्रपरिवारात घालू का?"

"नाही. जोडीदारच लिहा," मी म्हणालो. "आणि पुतण्याच्या आधी."