पहिला ठोका कुणी खाल्ला?

नाना माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या किटलीकडे बघत. केज तालुक्यातल्या आमच्या गावात ते दूध सोसायटीचे सचिव होते आणि मी त्यांच्या हाताखाली नमुने तपासायला. किटली आली की बोटातली लोखंडी अंगठी तिच्यावर टक् करून वाजवायची, मग दुधातलं पाणी ओळखणारा लॅक्टोमीटर सोडायचा, मग पुन्हा टक्. "दुधाला तोंड न्हाई, म्हणून मला इचारावं लागतंय," असं ते म्हणत. घरच्या म्हशीचं दूधही त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. त्या दोन्ही रात्री त्यांना घरी काय वाढलं गेलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या वर्षीच्या दुष्काळात गावाला पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, तरी नानांना प्रत्येक किटलीत पाणी दिसे. सगळ्यात जास्त संशय केवळबाईवर. तिचं घर एका गाईवर चालायचं आणि दूध रोज पातळ भरायचं. शनिवारच्या बैठकीत तिचं नाव सोसायटीतून काढायचं, असं नानांनी ठरवूनच टाकलं होतं.

त्याच आठवड्यात मी केजच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या सलीमभाईंकडून एक कॅसेट आणली. जमैका बेटावरचा जगभर गाजलेला रेगे बँड. ही गाणी बहुतेक दबलेल्या, तहानलेल्या माणसांची, पण चाल डुलत डुलत जाणारी. मी कौतुकानं नानांना समजावू लागलो. जाड आवाजाची बेस गिटार गाणं पुढे नेते, दुसरी गिटार मधल्या जागेत तुटक 'चक' करते आणि ड्रमवाला चारातला पहिला ठोका सोडून तिसऱ्यावर जोर देतो.

"सोडतो का खातो बे?" नाना एकदम सावध झाले. "चारातला एक गेला म्हंजी पाव हिस्सा गेला. टेपमधी भेसळ हाय."

त्यांनी मला जीपनं पुन्हा केजला पिटाळलं. सलीमभाईंनी हसत दुसरी प्रत वाजवून दाखवली, तीही तशीच. नानांना सांगितलं, तर म्हणाले, "दोन्ही एकाच डेअरीतल्या असतील."

मग चार दिवस त्यांनी ती कॅसेट तपासली. रिकाम्या जागेवर अंगठीनं कॅनवर टक्. पुढच्या रिकाम्या जागेवर पुन्हा टक्. मला वैताग आला होता. पाचव्या दिवशी ते थांबले.

"रोज तितकाच कमी हाय, तिथंच कमी हाय. चोराचा हात कदी जड, कदी हलका. हे लोक चोर न्हाईत."

मग नोंदवही ओढून त्यांनी केवळबाईचे आकडे सकाळ-संध्याकाळचे बोटानं खालपर्यंत पाहिले. सगळे सारखे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही तिच्या दारात. नानांनी बादली उलटी करून बघितली, हुंगलीसुद्धा, आणि समोर धार काढायला लावली. लॅक्टोमीटर नेहमीच्याच आकड्यावर थांबला. गाईच्या बरगड्या मोजता येत होत्या. समोर चारा म्हणून उसाच्या शेंड्यांचं वाळलेलं वाढं.

"नाना, प्यायला मी टँकरची वाट बघते," केवळबाई म्हणाली. "दुधात घालायला कुटून आणू?"

नानांनी तिची किटली स्वतः उचलली आणि सोसायटीपर्यंत नेली. शनिवारी सगळ्यांसमोर म्हणाले, "गाय उपाशी हाय, बाई खोटी न्हाई. चूक माझी हाय." तिला सोसायटीकडून पेंड मिळाली. अशी कबुली देणारा माणूस मी पुढे फार कमी ठिकाणी पाहिला.

पुढे मला लातूरला नोकरी लागली. निघताना ती कॅसेट मी नानांना दिली. आधी दोन्ही बाजू वाजवून घेतल्या त्यांनी, फसवणूक नको म्हणून! मला हसू आलं आणि रडूही. दूध घालायच्या रांगेत पहिली केवळबाई होती. गाणं सुरू झालं, रिकामी जागा आली, सवयीनं अंगठी तिच्या किटलीवर उचलली गेली, आणि वाजली नाही.