खालची पापणी

शेळ्यावाल्या मावशींच्या पाया पडलात तर आशीर्वाद नंतर. आधी त्या अंगठ्याने तुमची खालची पापणी ओढून आत डोकावणार. "लाल हाय. बस आता." पांढरट दिसली तर समोर गूळ-शेंगदाणे यायचे, आणि ताटली रिकामी झाल्याशिवाय सुटका नाही. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात नवे डॉक्टरसाहेब रुजू झाले, त्याच दिवशी त्यांचीही पापणी ओढली गेली.

ही सवय शेळ्यांमुळे लागलेली. पावसाळ्यात ओल्या गवतातून जंत पोटात जातात, रक्त पितात, आणि शेळीची पापणी आतून पांढरी पडते. मी मुरबाडकडच्या त्या दवाखान्यात मदतनीस. मला हे कागदावर ठाऊक होतं, बघायला शिकवलं मावशींनी. झड लागली की त्या करडांना रानात सोडायच्याच नाहीत. उंबराचा, आंब्याचा पाला वाशाला उंच टांगायच्या आणि करडं मागच्या पायांवर उभी राहून तो ओरबाडायची. वाकून खाल्लं का जंत खाल्लं, मान वर करून खाल्लं का पाला खाल्ला, असं त्यांचं शास्त्र होतं.

दहा गोष्टी अचूक करून अकरावीत माती खाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशींची अकरावी गोष्ट म्हणजे वाटणी.

एका श्रावणात त्यांच्या चार करडांतलं सगळ्यात लहान, काळं करडू पातळ हगायला लागलं. जबड्याखाली सूज लोंबत होती. साहेबांनी वजन करून जंताचं औषध दिलं, मी बाटलीत भरून दिलं. तीन दिवसांनी मावशी त्याला पदरात गुंडाळून हजर. त्याने मान टाकली होती. मी विचारलं, औषध पाजलं का? पाजलं. सगळं? सगळं. याला एकट्याला? मावशी छताकडे बघायला लागल्या.

चौघांना सारखं वाटलं होतं, प्रसादासारखं.

"एकाला दिला न तिघांनी नुस्तं बघत रव्हायचं का रे?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मावशी, अशाने जंत जगतात आणि करडू मरतं. त्या एकदम रडकुंडीला आल्या, आणि मला माझीच लाज वाटली. साहेबांनी पुन्हा पूर्ण औषध पाजलं. मी दिवसभर चमच्याचमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलो. उरलेल्या तिघांच्या तीन बाटल्या वेगळ्या भरून दिल्या, तेव्हा कुठे मावशी हलल्या. चौथ्या दिवशी काळं करडू उंबराच्या पाल्याला लोंबकळत होतं.

स्वतःच्या पापणीला मात्र त्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात एकदा त्या धापा टाकत दवाखान्यातल्या बाकावर बसल्या आणि त्यांनी आपणहून पापणी खाली ओढली.

"बघ न सांग."

खडूसारखी पांढरी होती.

"लाल हाय, मावशी."

"खोटारडा," त्या हसल्या. "करडाच्या टायमाला असा बोलला असतास, तर मेला असता तो."

सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या होत्या म्हणे. मी विचारलं, खाल्ल्या का? मावशी छताकडे बघायला लागल्या. घरात पाच माणसं, पाचांना सारख्या वाटल्या होत्या. मी तिथूनच त्यांना गाडीवर घालून शहापूरला नेलं. रक्त चढवलं, थोडी तरतरी आली, पण दिवाळी काही त्यांनी बघितली नाही.

परवा त्यांची सून ती काळी शेळी घेऊन आली. आता तिला स्वतःची दोन करडं आहेत. मी न विचारता तीन बाटल्या भरल्या. मग अंगठ्याने काळीची पापणी ओढली.

"लाल हाय," मी मोठ्याने म्हणालो.

खरंच लाल होती. खोटारडा म्हणायला कोणी नव्हतं.