कुणीतरी बघून राह्यलंय

आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठत जातात. एक, पोरांच्या विसरलेल्या पाण्याच्या बाटल्या. दुसरी, मोबाईलला घाबरलेल्या माणसांच्या हकिकती. बाटल्या दिवाळीच्या सुट्टीत शिपाईमामा काढून टाकतात. हकिकती कुणी काढत नाही, त्या माझ्याकडं पडून राहतात. कारण मी कॉम्प्युटर शिकवतो.

शाळा वडीगोद्रीच्या अलीकडं, हायवेला लागून. मी जालन्याहून, मस्तगडातून, रोज जाऊन-येऊन करतो. मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आत कुणाचातरी फोन माझ्यापुढं सरकतो. "जाधव सर, हे काय आलंय बघा बरं जरा." चेहरा बघूनच कळतं की माणूस रात्री झोपलेला नाही.

लोकांना वाटतं, मला यातलं सगळं समजतं. मला समजतं ते एवढंच, की ही माणसं उगाच घाबरलेली नाहीत.

*

शिंदे मॅडम मराठी शिकवतात. त्यांच्या मुलीसाठी पैठणकडचं एक स्थळ आलं होतं. सगळं चांगलं होतं, पण मुलाला एवढ्यातच शुगर निघाली होती. मॅडम आणि त्यांचे मिस्टर रात्री जेवताना त्यावर बोलले. घरात दोघंच.

सकाळी मॅडमनी फोन उघडला तर शुगरच्या औषधाची जाहिरात. खाली लग्नाच्या शालूंची.

"सर, घरात आम्ही दोघंच होतो. तिसरं कोण होतं?"

मी विचारलं, मिस्टरांनी नेटवर काही शोधलं होतं का. शोधलं होतं, त्यांच्या फोनवर. मी म्हणालो, मग त्यावरून आलं असेल, एकाच घरातलं वायफाय आहे. मॅडमनी ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. माझंही पुरतं झालं नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या घरात महत्त्वाचं बोलणं निघालं की दोन्ही फोन गव्हाच्या कोठीत जातात. पुण्यातली मुलगी फोन लावून लावून रडकुंडीला येते.

महिन्याभरानं मी सहज विचारलं, "मॅडम, त्या स्थळाचं काय झालं?"

मॅडमनी इकडं-तिकडं बघितलं. टेबलावरचा माझा फोन उचलला, बाहेर व्हरांड्याच्या खिडकीत नेऊन ठेवला, परत येऊन खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मोडलं."

*

आमचे मुख्याध्यापक देशमाने सर. नुसते खाकरले तरी दहावीचा वर्ग चिडीचूप होतो. एक दिवस मधल्या सुट्टीत ते चहाला आले नाहीत. ऑफिसचं दार आतून बंद.

मी बाजूच्या खिडकीतून डोकावलो. सर खुर्चीत ताठ बसलेले, दोन्ही हात टेबलावर. पाण्याच्या ग्लासाला टेकवून फोन उभा केलेला. स्क्रीनवर वर्दीतला एक माणूस. सरांची कॉलर घामानं भिजली होती. मला बघून त्यांनी फक्त डोळ्यांनी खुणावलं, जा म्हणून.

तो माणूस दरडावत होता. तुमच्या आधारवर कुणीतरी सिम काढलंय, त्यावरून मोठा गुन्हा झालाय, कॅमेऱ्यासमोरून हललात किंवा कुणाला बोललात तर शाळेतूनच उचलून नेऊ.

माझ्यामागं खान सर आले. आमचे गणिताचे. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. टेबल खिडकीला चिकटूनच होतं. गजातून हात घालून त्यांनी फोन उचलला आणि बंद करून टाकला.

"सर, गेला तो. खोटा होता. दार उघडा."

देशमाने सर जागचे हलले नाहीत.

"सर, फोन बंद केलाय मी. बघा."

"अहो, पण त्यांनी उठायचं न्हाई म्हणून सांगितलंय," सर म्हणाले. आवाज अगदी लहान पोरासारखा.

आम्ही दाराशी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आतली कडी निघाली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यांनी माईक हातात घेतला आणि सगळ्या शाळेसमोर घडलं ते सांगितलं, काहीही न लपवता. शेवटी म्हणाले, "मी घाबरलो अन् दार लावून घेतलं. तुम्ही घाबरलात तर दार उघडं ठेवा." 

*

खान सरांचं त्या दिवशी सगळ्यांनी कौतुक केलं, पण फोनची भीती त्यांनाही आहे. ती वेगळी आहे.

त्यांचे मोठे भाऊ हनीफभाई जालन्यात राहायचे. बसल्या जागी गेले. फोनला अंगठ्याचं लॉक, नंबर कुणाला माहीत नाही. आत मुलीच्या लग्नाचे व्हिडिओ, नातवाचे फोटो, सगळं त्या एकाच फोनमध्ये. मय्यत घरात असताना पुतण्या खान सरांच्या कानाशी येऊन म्हणाला, "चाचा, अब्बू का अंगूठा लगा लेते. बाद में नहीं होता."

खान सर फोन घेऊन भावाजवळ बसले. चादर बाजूला करून हात हातात घेतला.

"मंग वाटलं," ते आम्हाला सांगत होते, "जिंदा असता तर यानं मला फोन उघडू दिला असता का? न्हाई दिला असता. मी हात परत ठेवून दिला."

तो फोन अजून कपाटात आहे. भाभी त्याला मधूनमधून चार्ज करतात. चार्ज असला की पहाटे त्याचा गजर वाजतो, हनीफभाईंनी फजरच्या नमाजासाठी लावलेला. बंद करायला नंबर लागत नाही. पण घरातलं कुणीही बंद करत नाही, सगळे आपापल्या अंथरुणात ऐकत पडतात.

"जाधव सर," खान सर म्हणाले, "आपण गेल्यावर आपला फोन कोण उघडतं हो?"

 टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाचा हात नकळत आपापल्या फोनवर गेला होता.

*

ही पुढची गोष्ट सांगताना मी त्या मुलीचं नाव सांगत नाही. नववीत होती. स्नेहसंमेलनात फार सुंदर नाचली. शिंदे मॅडमनी कौतुकानं तिचा फोटो शाळेच्या पेजवर टाकला.

काही आठवड्यांनी तिच्या नावाचं, त्याच फोटोचं दुसरंच एक अकाउंट निघालं. त्यावरून गावातल्या पोरांना मेसेज जायला लागले. काय मेसेज, ते लिहीत नाही. मुलगी शाळेत यायची बंद झाली.

तिचे वडील आले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची दिली तरी उभेच राहिले. "मॅडम, फोटो कुठून गेला?"

"आमच्या पेजवरून," शिंदे मॅडम म्हणाल्या. "मीच टाकला होता."

आम्ही तक्रार केली, पोलिसांत गेलो, पाठपुरावा केला. अकाउंट बंद झालं. मी स्वतः त्यांच्या वस्तीवर जाऊन तसं सांगितलं. वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विचारलं, "म्हंजी आता कुणापाशीच न्हाई ना तो फोटो?"

मी चहाचा कप खाली ठेवला. 

मुलगी परत आली. वर्षाअखेरीला वर्गाचा ग्रुप फोटो काढताना ती मागच्या रांगेत पाठमोरी उभी राहिली. फोटोग्राफर म्हणाला, "बेटा, तोंड इकडं कर."

"राहू द्या," शिंदे मॅडम म्हणाल्या. "तसाच काढा."

*

आता गायकवाड सरांचं सांगतो. ते विज्ञान शिकवतात, अंबडला राहतात. त्यांचे वडील, नाना, केदारखेड्याला एकटेच. आई गेल्यापासून सरांनी त्यांना चारदा आणून बघितलं, नाना करमत नाही म्हणून परत जायचे. शेवटी सरांनी ऑनलाईन एक कॅमेरा मागवला आणि नानांच्या खोलीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर बसवला.

मधल्या सुट्टीत सर फोन उघडून आम्हाला दाखवायचे. "बघा, नाना पेपर वाचून राह्यले." नानांना आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण ते चष्मा कुठं ठेवतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

एका रविवारी सर गावाकडं गेले. जेवताना नाना म्हणाले, "अशोक, तुझा दोस्त लई मायाळू हाय."

"कोणता दोस्त?"

"तो कॅमेऱ्यातला. हिंदी बोलतो. दुपारच्याला विचारतो, बाबा, दवा लिया क्या."

सर कॅमेऱ्यातून एकदाही बोलले नव्हते. त्यातून बोलता येतं हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला, उठून वायर उपटली आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा पिशवीत घालून माझ्याकडं आणला.

मी बघितलं. पासवर्ड डब्यातून आला तोच होता, बदललेलाच नव्हता. तो माहीत असलेला कुणीही आत येऊ शकत होता. कोण आलं, कुठून आलं, ते मला सांगता आलं नाही. पोलिसांनी तक्रार घेतली, त्यांनाही अजून सांगता आलेलं नाही.

"आणखी काय बोलायचा तो?" मी विचारलं.

"पाऊस झाला का, जेवले का. नानांनी त्याला आईचं, गावाचं, घराचं सगळं सांगितलंय." सर म्हणाले. "अन् दर वेळी विचारायचा म्हणे, बेटा कब आता है."

सरांनी दाराला नवीन कुलूप बसवलं. शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला सांगितलं. रोज दोनदा फोन करायला लागले. पुढच्या रविवारी गेले तर नाना बाजेवर बसलेले, जरा रुसलेले.

"कॅमेरा कामून काढला? त्याला वाईट वाटलं."

"कुणाला?"

"तुझ्या दोस्ताला."

"नाना, तो माझा दोस्त न्हाई. अन् कॅमेरा तर मी घेऊन गेल्तो. मंग वाईट वाटलं हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यानंच की," नाना म्हणाले. "परवा आल्ता ना घरी. आवाजावरून वळखला मी. पाणी पिऊन गेला."