रेल्वेकडच्या गोलातली इसा

वॉटी गिलफिलननं आमच्या किनमुअरच्या फुटबॉलच्या मैदानावर एकतीस वर्षं गवत राखलं, आणि तेवढ्या वर्षांत एकाही मेलेल्या माणसाला त्या गवतावर येऊ दिलं नाही. आमच्याकडे ही एक खोडच आहे. माणूस गेला, जाळून झाला, की घरचे राखेचा डबा घेऊन क्लबाच्या दारात हजर. बाबांना मधल्या वर्तुळात टाका, काकांना पेनल्टीच्या ठिपक्यावर टाका. वॉटी टोपी काढून सगळं ऐकून घ्यायचा आणि डबा घेऊन सरळ कोपऱ्यातल्या कुंपणाकडे चालू लागायचा. राखेत क्षार असतात, गवताची मुळं जळतात, हे तो प्रत्येकाला तेवढ्याच शांतपणे सांगायचा. अध्यक्षांच्या वडिलांनाही त्यानं कुंपणाशीच टाकलं. अध्यक्ष पुढे वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि वॉटीच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही.

मी एफी. रेल्वेकडच्या गोलामागे चहा आणि खिमा पॅटिसची खिडकी आहे, ती माझी. वॉटीची बायको इसा माझी मैत्रीण, गिरणीत शेजारशेजारच्या यंत्रांवर उभ्या राहायचो तेव्हापासूनची. गिरणी बंद पडली, पण इसाचं तोंड काही बंद पडलं नाही. दर शनिवारी माझ्याकडून चहा घ्यायचा, गोलाच्या जाळीमागे उभं राहायचं, आणि बावीस खेळाडू अधिक एक पंच अशा तेवीस जणांचा उद्धार करायचा. पाहुण्या संघांचे गोलकीपर त्या टोकाला यायला कचरायचे. फक्त आमच्या फिनले रॅट्रेला ती कधी बोलली नाही. तो मासळीवाल्या रॅट्रेचा मुलगा. सतराव्या वर्षी पहिल्यांदा गोलात उभा राहिला तेव्हा त्याचे पाय लटपटताना आम्हाला मागून दिसत होते. इसा जाळीला तोंड लावून म्हणाली, "घाबरू नकोस रे. मागे मी आहे." तेव्हापासून पाच वर्षं, त्या टोकाला आला की तो आधी मागे वळून तिला हात करायचा.

मग इसा आजारी पडली. शेवटच्या दिवसांत मी आणि वॉटी दोघं तिच्या खाटेपाशी असताना ती त्याला म्हणाली, "मला त्या कुंपणाशी टाकलंस तर बघ. मध्यंतरात सगळे बाप्ये तिथंच मुततात. मला गोलात टाक." वॉटी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मार्चमध्ये ती गेली.

राख दीड महिना त्याच्या स्वयंपाकघरात, किटलीशेजारी होती. मे महिन्यात घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना झाला आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी वॉटीनं मला बोलावलं. त्यानं रेल्वेकडच्या गोलासमोरची जमीन फावडंभर खोल उघडली होती. चिमूटभर नाही, चमचाभर नाही, सगळीच्या सगळी इसा त्यानं तिथं वाळूत कालवली, वर माती ओढली, बी पेरलं. एकतीस वर्षं साऱ्या गावाला नाही म्हणणारा माणूस. तो म्हणाला, ऑगस्टात नवा सीझन सुरू होईपर्यंत वेळ आहे, तीन महिन्यांचा पाऊस क्षार धुऊन नेईल, कोणाला कळणारसुद्धा नाही.

हिशेब त्याचा चोख होता. फक्त एक गोष्ट त्यानं धरली नव्हती. बारा दिवसांनी कपाचा अंतिम सामना होता, आणि आम्ही त्यात होतो. पण आम्ही जिंकू असं धरून किनमुअरमध्ये कोणी बेत करत नाही. केला तर लोक त्याच्याकडे जरा काळजीनं बघतात. एकशे बारा वर्षांचा आमचा क्लब, आणि कपाटात काय, तर जिल्ह्याच्या दोन ढाली आणि एक चांदीचं तबक, तेही उसनं.

आणि आम्ही जिंकलो. बसमध्ये नुसता धिंगाणा चालला होता. सत्तरीच्या म्हाताऱ्या सीटवर चढून गात होत्या, मीही त्यांतलीच. वॉटी खिडकीशी कपाळ टेकून बसला होता. मला वाटलं, इसाच्या आठवणीनं रडतोय. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले, त्याचा हात हातात घेतला. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जुलैत, एफी. युरोपातले सामने जुलैत सुरू होतात." कप जिंकणाऱ्याला युरोपात खेळायला मिळतं हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याचा अर्थ त्या बसमध्ये एकट्या वॉटीलाच कळला होता.

जून कोरडा गेला. आमच्या उभ्या जन्मात एवढा कोरडा जून कधी आला नव्हता, आणि यायचा तर त्याच वर्षी यायचा होता. नळाच्या पाण्यावर सगळं मैदान हिरवंगार, पण क्षार धुवायला तेवढं पुरेना, आणि रेल्वेकडच्या गोलासमोर जेवणाच्या टेबलाएवढा राखाडी तुकडा. बी उगवायचं आणि आठवड्यात करपायचं. मी म्हटलं, वॉटी, दोन फूट माती काढून टाक, नवी भर, अजून वेळ आहे. तो म्हणाला, "इसाला उकरून काढू? आणि टाकू कुठं?" शेवटी त्यानं सरावाच्या मैदानातून हिरवळीचे चौकोन कापून आणले आणि त्या तुकड्यावर गोधडीच्या ठिगळासारखे बसवले. युरोपहून तपासनीस आला, त्यानं बुटानं दाबून बघितलं, हिरवळीची वाहवा केली, माझ्याकडचे दोन पॅटिस खाल्ले आणि गेला. पण खाली मुळं धरत नव्हती. ठिगळ नुसतं बसलेलं होतं.

पहिल्या फेरीत फेरो बेटांवरचा संघ आला, त्यांना आम्ही हरवलं. गाव वेडं झालं होतं. दुसऱ्या फेरीत नॉर्वेचा संघ, एक सामना तिकडे, एक इथे. तिकडे जाऊन आम्ही एक-एक अशी बरोबरी करून आलो. त्या वेळी परक्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन होतं, म्हणजे इथे एकही गोल झाला नाही तरी आम्हीच पुढे. ऑगस्टमधली उजेडाची संध्याकाळ, मैदान गच्च भरलेलं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत शून्य-शून्य. मध्यंतरानंतर फिनले माझ्या टोकाला होता. वळून हात करायची सवय त्याची अजून गेली नव्हती. जाळीमागे इसाची जागा लोकांनी रिकामी ठेवली होती, तिकडे बघून त्यानं हात केला होता.

नॉर्वेच्या एकानं लांबून चेंडू मारला. मारला कसला, ढकलला. फिनले गुडघ्यावर बसला, दोन्ही हात पुढे केले, जसं शाळेत शिकवतात तसं. चेंडू ठिगळाच्या उचललेल्या कडेवर आपटला आणि टुणकन उडाला, त्याच्या हातांवरून, खांद्यावरून, जाळीत. मैदानात एवढी शांतता झाली की माझ्या चहाच्या पिंपाचा आवाज ऐकू येत होता. फिनले तसाच गुडघ्यावर बसून आपल्या हातांकडे बघत होता. मी वॉटीकडे बघितलं. खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्याच्या तोंडाशी तो उभा होता आणि जमिनीकडे बघत होता.

सामना तिथंच गेला, युरोपही गेलं. ते दृश्य पुढे जगभर फिरलं. लोकांनी त्याला विनोदी संगीत लावलं. ठिगळ फोनच्या पडद्यावर दिसत नाही, दिसतो तो गोलकीपर. परक्या मैदानांवर लोक भट्टीतून गरम भांडी काढायचे जाड हातमोजे घेऊन यायचे आणि फिनलेला दाखवायचे. आमचेही काही कमी नव्हते. बेकरीत त्याला पाव देताना मालक म्हणायचा, पकडशील ना नीट? बिचारा हसायचा. मग त्याचं हसणं बंद झालं. मग येणारा प्रत्येक चेंडू तो असा बघायला लागला की जणू प्रत्येकच उसळणार आहे, आणि अशा माणसाच्या हातून साधे चेंडूसुद्धा सुटतात. सप्टेंबरात खालच्या वर्गातल्या एका संघानं आम्हाला लीग कपातून घालवलं. नाताळात आम्ही लीगच्या तळाला होतो. जानेवारीत आमचाच कप आमच्याच मैदानावर पहिल्याच सामन्यात गेला.

ऑक्टोबरात मी वॉटीच्या घरी गेले होते. म्हटलं, मॅनेजरला सांग, पोराचा दोष नव्हता म्हणावं. खरं सांग, नाहीतर नुसतं जमीन खराब होती एवढं तरी सांग. किटलीकडे बघत वॉटी म्हणाला, जमीन खराब म्हटलं की खोदतील, आणि खोदलं की ती जाईल. "सीझन संपू दे, एफी. मी स्वतः सांगेन त्याला." मला त्याची कीव आली, आणि मेली ती कीवच नडली. मी गप्प घरी आले. त्या वर्षभर दर शनिवारी मी फिनलेला सामन्यानंतर एक पॅटिस फुकट द्यायची. तो प्रत्येक वेळी थँक्यू म्हणायचा. माझ्या हातून तेवढंच झालं, आणि ते काहीच नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वरच्या वर्गात टिकायला बरोबरी पुरत होती, आम्ही तीन-शून्यनं हरलो. क्लब खालच्या वर्गात गेला. त्याच आठवड्यात अध्यक्षांनी जाहीर केलं की मैदानावर प्लास्टिकचं गवत घालणार, सगळी माती दीड फूट खाली उकरून नेणार. वॉटीला म्हणाले, प्लास्टिक झाडायला माणूस लागेल, हवं तर रहा. फिनलेचा करार पुढे वाढवला नाही. ते त्याला पत्रानं कळवलं.

पुढच्या सोमवारी खोदायचं यंत्र आलं आणि मधल्या रेषेवर उभं राहिलं. मी खिडकीतलं सामान खोक्यांत भरत होते. फिनले आपले हातमोजे न्यायला आला होता. वॉटी त्याला हाताला धरून रेल्वेकडच्या गोलापाशी घेऊन आला. आणि काय सांगू, तो तुकडा. वर्षभराच्या पावसानं शेवटी क्षार धुतले होते. त्या टेबलाएवढ्या जागेत मैदानातलं सगळ्यात दाट, सगळ्यात गर्द गवत उगवलं होतं. वॉटीनं तिथं उभं राहून सगळं सांगितलं. इसाचं मागणं, मे महिना, बस, जून, ठिगळ. काही वगळलं नाही. टोपी त्याच्या हातात होती.

फिनलेनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो चिडेल, निदान शिवी देईल, असं मला वाटलं होतं. तो खाली वाकला, गवतावरून एकदा हात फिरवला आणि उभा राहिला.

"आता ती तशीही जाणारच आहे," तो म्हणाला, "म्हणून सांगताय."

फिनलेनं माझ्याकडे मान वळवली. "एफी, तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

तो हातमोजे काखेत मारून निघाला. जाळीपाशी, इसा उभी राहायची तिथं, थांबला. आमच्याकडे न वळताच म्हणाला, "इसा असती ना, तर तिनं त्याच संध्याकाळी साऱ्या गावाला ओरडून सांगितलं असतं. स्वतःला उकरून काढावं लागलं असतं तरी." मग गेला. परत कुठल्याच क्लबाकडून तो कधी खेळला नाही. बापाच्या मासळीच्या गाडीवर असतो. मी दिसले की गाडी थांबवतो, नमस्कार करतो, मासळी तोलून देतो, आणि एक शब्द बोलत नाही.

यंत्रानं रेल्वेच्या बाजूनंच सुरुवात केली. मी बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन धावले आणि ट्रकमध्ये पडायच्या आत त्या गवताचं एक ढेकूळ उचललं. वॉटीपुढे धरलं. त्यानं हात पुढे केला नाही.

"खरं बोलला पोरगा," तो म्हणाला. "तिनं सांगितलं असतं." आणि माती भरून ट्रक फाटकाबाहेर गेला तरी तो तिथंच उभा होता.

डबा माझ्याकडे आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलाय. त्यातलं गवत अजून वाढतं, ते मला कापावंसं वाटत नाही. इसाशी मी सगळं बोलायची, पन्नास वर्षं बोलले. आता त्या डब्यासमोर बसते आणि तोंड उघडत नाही.